तिसरी खाच

मागच्या सेमिस्टरमधली गोष्ट. बॉईज हॉस्टेलच्या दोन महाभागांची बाईक कॉलेजच्या गेटसमोरच पेट्रोल संपून बंद पडली. आम्ही तीन-चार मुली टपरीवर चहा घेत होतो. एकाने शांतपणे बाईक रस्त्याच्या कडेला चक्क आडवी झोपवली, मिनिटभर थांबला, उभी केली, किक मारली... आणि गाडी चालू! टपरीवर टाळ्याच टाळ्या. जाता जाता तो मला म्हणाला, "काय गं, तुझ्या पप्पांचा ट्रक आहे ना? डिझेल संपल्यावर ट्रक कसा आडवा करतात?"

सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर मला चांगलंच माहीत आहे. आणि ते उत्तर मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

सुरुवातीलाच एक कबुली. मी बालवाडीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी फक्त एक विषय म्हणून होतं, आणि त्यात मी जेमतेम काठावर असायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील तर पोटात घाला. मराठी विभागाच्या संपादिका माझ्या रूममेट आहेत, म्हणून हा लेख छापून येतोय. असो.

माझे पप्पा ट्रक चालवतात. स्वतःचा ट्रक आहे, सेकंडहॅण्ड घेतलेला, सहा चाकी. कराडहून साखर घेऊन चिपळूणला उतरायचं आणि लोट्याच्या एमआयडीसीतून पोत्यांचा माल भरून परत कराडला चढायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात मी नेहमी 'ट्रान्सपोर्ट बिझनेस' असं लिहायचे. खोटं काही नव्हतं त्यात. पण ते वाचणाऱ्याला दहा-बारा गाड्या आणि एक ऑफिस डोळ्यांसमोर यावं, एवढाच माझा उद्देश असायचा.

पप्पांच्या केबिनमध्ये सीटच्या मागे एक सागाची काठी असते. डिझेल मोजायची. डॅशबोर्डवर काटा आहे की! पण पप्पांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. रोज सकाळी टाकीचं झाकण उघडून काठी आत सोडायची, बाहेर काढून ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. काठीवर खाचा आहेत. गाडी घेतली तेव्हा पप्पांनी टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन घेतली होती. मग दहा लिटरचा एकेक कॅन ओतायचा, काठी बुडवायची, ओल येईल तिथे चाकूने खाच पाडायची. असे सोळा कॅन. टाकी १६० लिटरची. तिसऱ्या खाचेवर लाल ऑइलपेंट लावलेला. "तिसऱ्या खाचंच्या खाली गाडी न्यायची न्हाय," हा पप्पांचा नियम. "काटा काय सांगतोय ते बघू नगं, काठी काय सांगती ते बघ."

लहानपणी मला त्या काठीची गंमत वाटायची. दहावीनंतर लाज वाटायला लागली. इथे मैत्रिणींच्या वडिलांच्या गाड्यांत सगळं डिजिटल, आणि आमच्याकडे काठी!

आता त्या दिवसाकडे येते.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मला ह्याच कॉलेजात मेकॅनिकलला सीट मिळाली. ऍडमिशन कन्फर्म करायला मी आणि पप्पा आलो होतो. पप्पांनी खिशातून नोटांची गड्डी काढून ऑफिसच्या खिडकीत दिली. आतल्या क्लार्कने मोजली, पप्पांनी परत मोजायला लावली, पावती घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. मग आम्ही लोट्याला गेलो. सकाळी तिथे भरायला लावलेला ट्रक तयार होता. एसटीने पाठवतो म्हणाले, पण मीच म्हटलं, तुमच्याबरोबरच येते. क्लीनर दादा मागे, मी खिडकीपाशी, पप्पा स्टिअरिंगवर. बाहेर धो धो पाऊस.

चिपळूणला पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि काठी टाकली. ओल दुसऱ्या खाचेच्याही जरा खाली. म्हणजे १८ लिटर. पप्पा काठीकडे बघत तसेच उभे राहिले. समोर पंप होता. पण पाटणच्या पंपावर त्यांचं खातं होतं, तिथे महिन्याच्या बोलीवर डिझेल मिळायचं. इथे रोख लागणार. आणि रोख सगळी माझ्या फीच्या खिडकीत गेली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, तरी कळलं होतं.

आणि इथे मी माझं डोकं चालवलं. सीईटीचे मार्क नुकतेच हातात होते ना! मी म्हटलं, "पप्पा, ॲव्हरेज साडेचारचं. १८ गुणिले साडेचार, ८१ किलोमीटर. पाटण इथून साठेक किलोमीटर. वीस किलोमीटर शिल्लक राहतात. आणि काटापण अजून 'ई'च्या वर आहे. चला ना, उशीर होतोय."

पप्पांनी एकदा काठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "चल म्हंतीस?" एवढंच म्हणाले. आणि गाडी काढली.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. माझ्या पर्समध्ये दोन हजार रुपये होते. इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून आत्याने दिलेले, नवीन मोबाईलसाठी मी साठवत होते. त्यातले हजार जरी काढले असते तरी दहा-साडेदहा लिटर डिझेल आलं असतं. मी पर्सची चेनसुद्धा उघडली नाही.

कुंभार्ली घाट सुरू झाला तेव्हा अंधार पडला होता. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा जवळ गेल्यावरच दिसायचा. चार-पाच किलोमीटर चढलो असू. एका वळणावर इंजिनाने उचकी दिल्यासारखं केलं. पप्पांनी गियर खाली घेतला. परत उचकी. मग आवाज बसत बसत गेला आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत. फक्त टपावर पावसाचा आवाज.

ट्रक घाटात बंद पडणं म्हणजे काय असतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग जड. ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, म्हणजे टाकीत साठलेली हवा असेल तेवढ्याच वेळा ब्रेक दाबता येणार. मागे भरलेला माल, उतार, आणि त्या उतारावर धुक्यातून वर येणाऱ्या गाड्या. पप्पांनी हॅण्डब्रेक ओढला आणि ओरडले, "दगड!" दादा उडी मारून खाली उतरला आणि मागच्या चाकांना दगड लावले. मग मागे पन्नास पावलांवर जाऊन झाडाच्या फांद्या टाकल्या. हे सगळं एका मिनिटात. मी सीटवर बसून होते. हात गार पडले होते.

पप्पांनी टाकीत काठी टाकली. बॅटरीच्या उजेडात बघितलं. ओल बरोबर पहिल्या खाचेवर.

म्हणजे टाकीत अजून दहा लिटर डिझेल होतं!

"मग बंद का पडली?" मी विचारलं. पप्पा म्हणाले, "नळी आडवी नसती गं टाकीत. वरनं खाली येती, आन् तळाच्या चार बोटं वरच थांबती. त्यात गाडी चढाला. डिझेल गेलं मागं, नळी ऱ्हायली पुढं. हवा वढली तिनं."

मी पर्स उघडली. दोन हजार काढले. "पप्पा, हे घ्या."

पप्पांनी नोटा बघितल्या. त्यांना कळलं. आधीपासून होत्या हे कळलं. ते काहीही बोलले नाहीत. हजार घेतले, हजार परत माझ्या हातात ठेवले. दादा कॅन घेऊन खाली जाणाऱ्या टेम्पोत बसला. तो परत येईपर्यंत दीड तास आम्ही दोघं केबिनमध्ये बसलो होतो. पप्पांनी मला टॉवेल दिला डोकं पुसायला. एवढंच.

डिझेल आलं, टाकीत ओतलं. मला वाटलं, आता चावी फिरवली की झालं. बाईकसारखं! पण नाही. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. पंप डिझेलला प्रचंड दाबाने इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये उडवतो, आणि तिथल्या तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. डिझेल द्रव आहे, दाबलं की दाब पुढे जातो. पण नळीत हवा शिरली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. ती स्पंजासारखी दबते आणि परत फुगते. इंजेक्टर उघडतच नाही. ह्यालाच ड्रायव्हर लोक 'गाडीनं एअर घेतली' म्हणतात. आणि ती एअर हाताने काढावी लागते.

पप्पांनी मला खाली बोलावलं. "ये. शिकायचंय न्हवं तुला?" बॅटरी तोंडात धरून त्यांनी फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू पान्याने सैल केला आणि माझा हात फीड पंपाच्या प्रायमरवर ठेवला. "दाब. सोड. दाब." स्क्रूपाशी आधी नुसता फेस आला. सोड्याच्या बाटलीसारखा. मी दाबत राहिले. अंगठा सोलवटला. हळूहळू बुडबुडे कमी झाले आणि मग डिझेलची एकसंध धार आली. पप्पांनी स्क्रू आवळला. मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. दादा केबिनमध्ये सेल्फ मारायला. सलग नाही, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. कारण बॅटऱ्या बसल्या की सगळंच संपलं. नटापाशी थुंकल्यासारखं डिझेल आलं की नट आवळायचा. तिसऱ्या नटाला इंजिन खोकलं. पाचव्याला धडधडलं. पांढरा धूर धुक्यात मिसळून गेला. मी रडले का हसले, आठवत नाही.

त्यानंतर दोन सेमिस्टरनी आम्हाला आयसी इंजिन्स विषय आला. लॅबमध्ये कापलेला इनलाइन पंप आहे ना, खिडकीजवळच्या टेबलावर? तोच पंप आमच्या ट्रकला आहे. गॅरेजवाले अजूनही त्याला मायको पंप म्हणतात. ती कंपनी १९५१ साली बंगळूरमध्ये सुरू झाली आणि २००८ साली तिचं नाव बदलून बॉश झालं, पण गॅरेजमध्ये ते नाव काही पुसलं गेलं नाही. सरांनी ओरलला विचारलं, "ब्लीडिंग कशासाठी करतात?" मी असं उत्तर दिलं की सर म्हणाले, "पुस्तकातलं वाटत नाही हे!" पहिल्यांदाच मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, माझे पप्पा ट्रक चालवतात."

मग एका रविवारी हॉस्टेलवर जर्नलच्या मागच्या पानावर मी त्या टाकीचं गणित मांडून बघितलं. आमची टाकी ड्रमसारखी, आडवी ठेवलेली. आतला व्यास ५० सेंटीमीटर, लांबी साधारण ८१.५ सेंटीमीटर. आडव्या ड्रममध्ये उंची आणि लिटर एका प्रमाणात चालत नाहीत, कारण तळाशी ड्रम अरुंद आणि मध्ये रुंद असतो. इंटिग्रेशन करून बघा, उत्तर असं येतं: टाकी उंचीने पाव भरली असेल तर त्यात पाव नाही, फक्त साडेएकोणीस टक्के डिझेल असतं. उंचीने एक दशांश असेल तर जेमतेम पाच टक्के. म्हणजे जितकं खाली जावं तितका डोळा जास्त फसतो. दहा लिटरला पहिली खाच तळापासून ५.७ सेंटीमीटरवर यायला हवी, दुसरी तिच्या वर ३.५ वर, तिसरी आणखी ३ वर. मध्यावर खाचा अडीच सेंटीमीटरच्या अंतराने.

मी पप्पांना फोन केला. "काठी काढा आणि खाचा मोजून सांगा." त्यांनी टेप लावून सांगितलं. माझ्या आणि त्यांच्या आकड्यांत कुठेही दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक नव्हता. पप्पा आठवी पास आहेत.

पुढचं गणितही करून टाकलं. सक्शन पाइप तळापासून ४ सेंटीमीटर वर. तो मुद्दाम वर ठेवतात, कारण डिझेलपेक्षा जड असलेलं पाणी आणि गाळ तळाशी बसतात. त्याखालचं सहा लिटर डिझेल कधीच वापरता येत नाही. आता घाट धरा, २० मीटरला १ मीटर चढ. टाकीच्या दोन टोकांमध्ये पातळीचा ४ सेंटीमीटर फरक पडतो. पुढच्या टोकाला २ सेंटीमीटर कमी. पाइप पुढे असेल तर मध्यावर ६ सेंटीमीटर डिझेल असतानाच त्याचं तोंड उघडं पडणार. ६ सेंटीमीटर म्हणजे सुमारे अकरा लिटर. पहिल्या खाचेच्या जरासं वर! माझ्या ८१ किलोमीटरच्या हिशोबात हे अकरा लिटर मी जमेला धरले होते. शिवाय साडेचारचं ॲव्हरेज सपाट रस्त्याचं. भरलेली गाडी घाटात लिटरला दीड-दोन किलोमीटर दिली तरी खूप. टाकीचा 'शून्य' तळाशी नसतो. तो रस्त्याप्रमाणे वर-खाली होत असतो.

म्हणून त्या बाईकवाल्या मित्राला उत्तर. ट्रक आडवा करता येत नाही, आणि ट्रकला रिझर्व्हची चावीही नसते. सपाटीला पाव टाकी हा शेवट समजायचा. घाटात जायचं असेल तर खालीच भरून घ्यायचं. कमी डिझेलवर सतत चालवलं की आणखीही भानगडी होतात. इंजिनातून परत येणारं गरम डिझेल थंड व्हायला टाकीत पुरेसं डिझेल उरत नाही. रिकाम्या जागेत पावसाळ्याची दमट हवा भरते, रात्री तिचं पाणी होऊन तळाला उतरतं. आणि तळ ढवळला की गाळ फिल्टरमध्ये.

नव्या गाड्यांना तर हे अजिबात चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं. आता कॉमन रेल असते, दाब १६०० बार आणि त्याहूनही जास्त. तिच्या पंपाला वंगण म्हणजे ते डिझेलच. त्यातले भाग काही मायक्रॉनच्या फटीने एकमेकांवर सरकतात. डिझेलऐवजी हवा गेली तर कोरडे घासतात. आमच्या गाडीचं दीड तास आणि एका अंगठ्यावर भागलं. तिथे पंप आणि इंजेक्टर बदलायची वेळ येऊ शकते. शिवाय युरियाची वेगळी टाकी असते. ती संपत आली की गाडी आधी इशारा देते आणि मग स्वतःच ताकद कमी करते. तिथे कोणाची मुलगी "चला ना, उशीर होतोय" म्हणाली तरी गाडी ऐकणार नाही. बरंच आहे ते.

आपण हॉस्टेलवाले सगळे तसे काट्यावरच चालणारे. सबमिशन आदल्या रात्री, पासिंग चाळीसला, मेसचं बिल शेवटच्या तारखेला. त्याचा आपल्याला अभिमानही असतो. पण आपण काट्यावर चालतो तेव्हा मागे दगड लावायला कोणीतरी पावसात उडी मारत असतं, हे मला त्या रात्री दिसलं.

मी अजून एक विचारलं नव्हतं. ते मागच्या दिवाळीत विचारलं. "पप्पा, तुम्हाला माहीत होतं ना, १८ लिटरवर घाट चढणार नाही? मग माझं का ऐकलंत?"

पप्पा काठी पुसत होते. म्हणाले, "पंधरा वर्सं गाडी चालवतोय. म्हाईत हुतंच की. पर तू पयल्यांदाच माझ्या गाडीचा हिशेब केलतास. न्हाय कसं म्हणू?"

त्यांनी माझे हजार रुपये दुसऱ्याच आठवड्यात परत केले होते. मोबाईल मी घेतला नाही. ते दोन हजार अजून माझ्या कपाटात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्सखाली आहेत. त्यांना हात लावायचा नाही, असं मी ठरवलंय. ती माझी तिसरी खाच.

— टी. ई. मेकॅनिकल, गर्ल्स हॉस्टेल